छाटणीआधी मिनी ट्रॅक्टर घेताय? एचपीच्या आधी गिअरचा वेग मोजा

सप्टेंबर संपत आला की नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे पारावर दोनच विषय असतात: द्राक्षबागेच्या छाटणीची तारीख आणि दसऱ्याला कोणाच्या दारात नवा ट्रॅक्टर येणार. मिनी ट्रॅक्टरची चर्चा एचपीपासून सुरू होते आणि किमतीवर थांबते. मध्ये कोणीतरी 'आठ पुढे, चार मागे' म्हणतो आणि गिअरचा विषय तिथेच मिटतो. बागेत या ट्रॅक्टरचं मुख्य काम म्हणजे ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र, ओढणं, आणि त्या कामाला लागतात दोन-तीनच गिअर. ते नेमके किती वेगाने चालतात ते बघा, बाकीचे मोजत बसू नका.

हिशोब सोपा आहे. 9 फुटी ओळीच्या बागेत एकरात 4840 फूट ओळ भरते, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर. ताशी 4 किलोमीटरने गेलात तर वळणं सोडून 22 मिनिटं लागतात. ताशी 3 ने गेलात तर साडेएकोणतीस. ब्लोअरचे नोझल मिनिटाला 18 लिटर सोडत असतील तर पहिल्या वेगाला एकरी सुमारे 400 लिटर पाणी जातं आणि दुसऱ्याला 530. नोझल तेच, प्रेशर तेच. 6 एकरांच्या बागेत एका फवारणीला जवळपास 800 लिटरचा फरक पडतो आणि त्यात औषधही मोजलेलंच असतं.

तुम्ही म्हणाल, वेग कमी-जास्त करायला ॲक्सिलरेटर आहेच की. इथेच फसगत होते. ब्लोअर फिरवतो तो ट्रॅक्टरमागचा पीटीओ शाफ्ट. तो मिनिटाला 540 फेऱ्यांवर राहायचा तर इंजिन ठरलेल्या आरपीएमवरच ठेवावं लागतं. आरपीएम उतरवला की पंखा मंदावतो आणि पानामागे हवा पोहोचत नाही. म्हणून वेग बदलायचा तो गिअरनेच. पीटीओ 540 वर असताना ताशी 3 ते 5 किलोमीटरच्या मध्ये किमान दोन गिअर बसले पाहिजेत. काही मिनी ट्रॅक्टरमध्ये एक गिअर अडीचचा आणि पुढचा थेट साडेपाचचा निघतो. असा ट्रॅक्टर माती भुसभुशीत करणाऱ्या रोटरला चालेल, ब्लोअरला नाही. 540 इकॉनॉमी, म्हणजे कमी आरपीएमवर पीटीओला 540 देणारी सोय, असेल तर डिझेल वाचतं हे खरं, पण त्यात इंजिन हळू फिरतं, म्हणून त्याच गिअरमध्ये चाकही हळू पडतं. तिथे एक गिअर वरचा टाकायची सोय हवी.

क्लच कोणता, हे घेण्याआधी विचाराच. सिंगल क्लच असेल तर पाय दाबला की पीटीओही थांबतो. ओळीच्या टोकाला थांबलात की पंखा बसतो, पुन्हा जोर धरेपर्यंत पहिल्या दोन-तीन वेली अर्धवट भिजतात. डबल क्लचला अर्धा दाबला तर फक्त चाक थांबतं, पूर्ण दाबला तर पीटीओ. स्वतंत्र पीटीओला वेगळा दांडा असतो, सर्वांत सोयीचं तेच. चालत्या ट्रॅक्टरमध्ये गिअर बदलायला सिंक्रोमेश बरं, पण ओळीत एकदा टाकलेला गिअर शेवटपर्यंत बदलत नाही, त्यामुळे निव्वळ त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. गिअर न बदलता नुसत्या पेडलवर, तेलाच्या दाबाने चालणारे अमेरिकेतले हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर व्हिडिओत छान दिसतात. लोडरने सारखं पुढे-मागे करायला ते उत्तम, पण इंजिनाची थोडी ताकद त्या तेलातच खर्ची पडते. 20-25 एचपीत आपल्याला ते परवडणारं नाही.

आता फोर-व्हील की टू-व्हील, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना की फक्त मागच्या दोन. माझ्याकडे आधी टू-व्हील होता. एका नोव्हेंबरात बाग फुलोऱ्यात असताना दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी डावणी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने 600 लिटरचा ब्लोअर भरून काळ्या तुकड्यात शिरलो. वापसा नव्हता, जमीन ओलीच होती, पण थांबायला वेळही नव्हता. चौथ्या ओळीत मागचं चाक जागेवर फिरायला लागलं. डिफरन्शियल लॉक दाबला तर दोन्ही चाकं मिळून खड्डा खणू लागली. शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरने मागून ओढून काढलं. त्यात एका वेलीचा ओलांडा, म्हणजे तारेवरची आडवी फांदी, मोडला आणि उरलेली फवारणी दुसऱ्या दिवसावर गेली.

म्हणून भारी काळी जमीन आणि ऑक्टोबर छाटणी असेल तर मी फोर-व्हीलच घ्या म्हणेन. तुमची गरज कोरड्या दिवसावर ठरवू नका, वर्षातल्या सर्वांत चिखलाच्या फवारणीवर ठरवा. मुरमाड जमीन, पाण्याचा चांगला निचरा आणि छोटा ब्लोअर असेल तर टू-व्हीलने भागतं. तो वळतोही कमी जागेत. बांधालगत वळायला जेमतेम 10-12 फूट सोडलेत तर हा मुद्दा मोठा आहे, कारण फोर-व्हील टाकून वळताना पुढची चाकं बाहेर ढकलली जातात आणि ओळीच्या टोकाचा मांडवाचा लोखंडी अँगल घासतो. वळताना फोर-व्हीलचा दांडा काढायची सवय लावावी लागते.

चढ-उताराच्या बागेत फोर-व्हीलचा आणखी एक उपयोग आहे. बहुतेक मिनी ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या चाकांनाच असतात. भरली टाकी घेऊन उतरताना फोर-व्हील टाकलेलं असेल तर पुढची चाकंही धरून राहतात. उतारावर क्लच मात्र दाबू नका. ब्रेक तेलातले घ्या, चिखल-पाण्यात कोरडे ब्रेक लवकर दगा देतात.

डेमो शोरूमच्या आवारात घेऊ नका. ट्रॅक्टर बागेत आणायला सांगा, आपलाच ब्लोअर जोडा आणि टाकी पाण्याने काठोकाठ भरा. ओळीत 100 फूट मोजून खुणा करा. पीटीओ 540 वर ठेवून प्रत्येक गिअरमध्ये मोबाईलवर वेळ लावा. 100 फुटांना 27 सेकंद लागले तर ताशी 4 किलोमीटर, 36-37 लागले तर 3. रुंदी टायरच्या बाहेरच्या कडेपासून मोजा, आणि सायलेन्सर मांडवाच्या तारेला लागतो का, पुढे घड लोंबले की त्यांना लागेल का, तेही तेव्हाच बघा.

आणि घेतलाच फोर-व्हील, तर डांबरी रस्त्यावर दांडा काढूनच चालवा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त ओढत असतात. मातीत ती घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर मात्र त्याचा ताण टायर आणि पुढच्या गिअरवर येतो. टायर बदलतानाही कंपनीने दिलेलाच साईज घाला आणि पुढचे दोन्ही एकदम बदला.