पुरात भिजलेल्या भिंतीची ओल कशी मोजावी

सांगली-कोल्हापूरला २०१९ मध्ये किंवा चिपळूणला २०२१ मध्ये आला तसा पूर घरात शिरून ओसरला, की भिंत वरून लवकर सुकल्यासारखी दिसते. आतल्या विटा किंवा जांभा मात्र महिनोन्महिने ओला राहू शकतो. पुट्टी, रंग आणि प्लायवूडची कपाटे यांची घाई करण्यापूर्वी म्हणूनच ओल मोजून घ्यावी.

सर्वांत सोपे साधन म्हणजे दोन सुयांचा मॉइश्चर मीटर. तो सुयांमधील विद्युतरोध मोजतो. ओल जितकी जास्त, तितका रोध कमी. त्यावरील टक्के बहुधा लाकडासाठी ठरवलेले असल्याने दाराच्या चौकटीवर ते तसेच वाचता येतात, आणि आकडा २० च्या वर राहिला तर लाकूड कुजण्याचा धोका समजावा. गिलाव्यावर मात्र त्याच आकड्याला टक्के मानू नये. तेथे आधी त्याच घरातील, तशाच बांधणीची, पाणी न लागलेली भिंत मोजून तो आकडा आधार धरावा. मग भिजलेल्या भिंतीवर जमिनीपासून वीत-वीत वर जात मोजावे आणि प्रत्येक आकडा तारखेसह भिंतीवरच पेन्सिलने लिहावा.

भिंतीला लोणा आला असेल, तर क्षारांमुळे वीज सहज वाहते आणि मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त ओल दाखवतो. खाडीकाठच्या घरांत ही शंका आधी घ्यावी. सुयांशिवायचा, नुसता टेकवण्याचा मीटर भोके पाडत नाही, परंतु आत सळई किंवा लोखंडी पाइप असल्यास तोही फसतो. थर्मल कॅमेऱ्याचे रंगीत चित्र पाहून ग्राहक भारावतो खरा. पण तो पृष्ठभागाचे तापमान दाखवतो, ओल नव्हे, त्यामुळे संशयास्पद जागा हुडकण्यापुरताच त्याचा उपयोग.

शंका उरलीच, तर कार्बाइड चाचणी जाणकाराकडून करून घ्यावी. भुकटी तापून वाळू नये म्हणून ड्रिल सावकाश चालवून भिंतीच्या आतला नमुना काढतात, तो तोलून कॅल्शियम कार्बाइडसह बंद भांड्यात हलवतात, आणि तयार होणाऱ्या ॲसिटिलीन वायूच्या दाबावरून पाण्याचे प्रमाण काढतात. येथे क्षारांची लुडबूड होत नाही. हा वायू ज्वलनशील असल्याने भांडे उघडताना जवळ विडी, शेगडी काहीही नसावे.

पुढे दर पंधरवड्याला त्याच खुणांवर मोजावे, आणि प्रत्येक वेळी आधाराची भिंतही पुन्हा मोजावी, कारण पावसाळी दमट हवेत तिचाही आकडा चढतो. दोन्ही आकडे जवळ येऊन लागोपाठच्या नोंदींत स्थिरावले, की पुट्टीवाल्याला बोलवावे.