जुन्या रिओहाची बाटली उघडण्याआधी

सगळ्यात आधी तारीख ठरवा. बोलवायचं कोणाला, जेवायला काय, हे नंतर. जुनी रिओहा म्हणजे उत्तर स्पेनमधल्या एब्रो नदीच्या खोऱ्यातली लाल वाइन, वीस-पंचवीस वर्षांची, गाळ धरलेली. मनात आलं आणि संध्याकाळी उघडली, असं तिच्या बाबतीत चालत नाही. माझी पहिली ग्रान रेसेर्वा, म्हणजे सगळ्यात जास्त मुदत मुरवलेली रिओहा, मी विमानतळावरून घरी आणली आणि मित्र जमलेच आहेत म्हणून त्याच रात्री उघडली. बूच अर्धं तुटून आत पडलं, सुटकेसमध्ये घुसळलेला गाळ प्रत्येक ग्लासात उतरला, आणि आम्ही सहा जण जिभेवर ती माती घोळवत एकमेकांना 'छान आहे, छान आहे' म्हणत बसलो. वाइन बहुधा खरंच छान होती. आमच्या वाट्याला ती आलीच नाही.

तेव्हा ही तयारी आठ दिवस आधीपासूनची. समोर 2001 सालची ग्रान रेसेर्वा आहे असं धरून लिहितो. रिओहाच्या नियामक मंडळाने 'उत्कृष्ट' ठरवलेल्या मोजक्या सालांमधलं ते एक. 1964, 1982, 1994, 1995, 2004 ही त्याच पंगतीतली.

आठ दिवस आधी बाटली उजेडात धरून नीट वाचा. पुढचं लेबल देखणं असतं, पण कामाचं लेबल पाठीमागे. नियामक मंडळाची छोटी पट्टी तिथे असते. क्रिआंथाची लाल, रेसेर्वाची गडद डाळिंबी, ग्रान रेसेर्वाची निळी. हे शब्द दर्जाचे नाहीत, मुरवण्याच्या मुदतीचे आहेत. 2001 च्या वेळच्या नियमाने ग्रान रेसेर्वा किमान दोन वर्षं ओकच्या पिंपात आणि तीन वर्षं बाटलीत राहायला हवी होती. आता एकूण पाच वर्षं तीच ठेवून पिंपात दोन आणि बाटलीत दोन, अशी किमान अट आहे, उरलेलं एक वर्ष दोन्हींपैकी कुठेही. लेबलावरचा प्रत्येक आकडा सालाचा नसतो, हेही लक्षात ठेवा. 'ला रिओहा आल्ता' या बोदेगाच्या, म्हणजे वाइन बनवणाऱ्या घराण्याच्या, एका ग्रान रेसेर्वाचं नाव '904' आहे. ते 1904 साली झालेल्या विलीनीकरणाच्या आठवणीसाठी. सालाशी गल्लत होऊ नये म्हणून पुढचा एक गाळला, तरी गल्लत करणारे आपण आहोतच.

मग पातळी बघा. वाइन बाटलीच्या मानेत किंवा मान संपून खांदा सुरू होतो तिथवर असेल तर या वयाला ठीक. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर बुचातून हवा आत शिरली आहे असं समजा आणि दुसरी एखादी बाटली हाताशी ठेवा. बूच वर आलेलं, वेष्टनाखाली चिकट ओघळ, म्हणजे कुठेतरी उन्हात तापली आहे. आपल्याकडे हा धोका मोठा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये माळ्यावर ठेवलेली बाटली वाइन राहत नाही, काढा होतो.

दोन दिवस आधी बाटली उभी करा. फ्रिजच्या दारात नको, दार उघडझाप होतं. आतल्या कप्प्यात, मागे, जिथे कोणी लोणच्याची बरणी सरकवणार नाही अशा जागी. थंडीत गाळ लवकर बसतो. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर भाजी काढताना कोणीतरी प्रेमाने ती आडवी करून ठेवतं.

आदल्या दिवशी हत्यारं काढा. काही रिओहा बाटल्यांभोवती सोनेरी तारेची जाळी असते. एकोणिसाव्या शतकात खऱ्या बाटलीत खोटी वाइन भरून विकली जाऊ नये म्हणून ती आली, आता नुसती शोभा आहे. पण ती कापायला छोटी पक्कड लागते, आणि ती ऐन वेळी कधीही सापडत नाही. बूच काढायला नेहमीचा स्क्रू असू द्या, पण पंचवीस वर्षांचं बूच मऊ पडलेलं असतं, मधोमध भोक पडून भुगा होतो. दोन चपट्या पात्यांचा काढणारा मिळतो. पाती बूच आणि काच यांच्या फटीत डावी-उजवी डोलवत सरकवायची आणि मग पिळत वर घ्यायचं. आधी एखाद्या स्वस्त बाटलीवर हात बसवा. शिवाय चहाची स्वच्छ गाळणी, मेणबत्ती किंवा मोबाइलचा टॉर्च, आणि काचेचा जग. डिकँटर, म्हणजे वाइन ओतून ठेवायचं काचेचं भांडं, असेल तर उत्तम, नसेल तर जग बिनदिक्कत चालतो.

ग्लासवर मी जरा जास्त वेळ घालवतो, कारण घरगुती टेस्टिंगचा निम्मा घोटाळा तिथे होतो. ग्लास कपाटातून काढा आणि रिकामाच हुंगा. डांबराच्या गोळ्या, जुनं लाकूड, भांड्यांचा लिंबूवाला साबण, सगळं त्यात साठलेलं असतं. साबण न लावता गरम पाण्याने विसळा, पालथे न घालता उभेच सुकू द्या, ओलसर फडक्याने पुसू नका. सगळ्यांना एकसारखे, पोटाला फुगीर आणि तोंडाला अरुंद ग्लास हवेत.

खोलीत त्या दिवशी उदबत्ती नको, मोगऱ्याचा गजरा नको, फोडणी तर अजिबात नको. बोलावणं धाडतानाच अत्तर लावून येऊ नका असं लिहा. लोक हसतात, पण ऐकतात. टेबलावर पांढरी चादर किंवा कोरे कागद अंथरा आणि शक्यतो दुपारच्या उजेडात बसा. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक वाइन म्हातारी दिसते. चखणा हा शब्द वाइनच्या चाखण्याशी कितीही सलगी दाखवो, तो आज बाहेर. फरसाण आणि मसाला शेंगदाणे जिभेवर अर्धा तास ठाण मांडतात. साधा पाव आणि पाणी पुरे. थुंकायला भांडी ठेवा. वाड्यात तस्त असायचंच, तेव्हा लाजण्यासारखं काही नाही.

हिशोब असा करा. बाटली 750 मिलीची, त्यातली तळची पन्नासेक मिली गाळात जाणार. प्रत्येक ओतणं 50 मिली धरलं तर चौदा होतात. सहा माणसांना दोन फेऱ्या, वर दोन शिल्लक. त्या दोन शिल्लक ठेवाच, शेवटी लागणार आहेत. आठ माणसं बोलवाल तर भांडण.

त्या दिवशी तपमान. 'रूम टेंपरेचर' हा सल्ला युरोपातल्या गार दगडी घरांचा आहे, आपल्या तीस अंशांच्या दिवाणखान्याचा नाही. 16 ते 18 अंश हवेत. फ्रिजमधून उभीच्या उभी बाहेर काढा, साधारण तासाभरात ती तिथे येते. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर पहिल्या थेंबांत बुडवून बघा. गरम वाइनमध्ये मद्यार्काचा भपका नाकात जातो आणि बाकी सगळं दडपतं.

उघडायचं कधी? नवी, कडक वाइन दोन-तीन तास हवेत ठेवलेली चालते. जुन्या रिओहाला तेवढा दम नसतो. एकदा मी दुपारी तीनलाच जगात ओतून ठेवली होती, आणि सातला लोक आले तेव्हा तिच्यात सुकलेल्या पानांचा वास आणि आंबटपणा एवढंच उरलं होतं. आता मी मंडळी दारात आली की बूच काढतो आणि बसण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी ओततो. बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरायचा, एका संथ धारेत ओतायचं, मध्ये थांबायचं नाही, बाटली सरळ करायची नाही. मानेत धुरासारखी काळपट रेघ सरकताना दिसली की तिथेच हात थांबवायचा. आरो गावातल्या 'ला रिओहा आल्ता'त वाइन एका पिंपातून दुसऱ्यात घेताना आजही मेणबत्तीच्या उजेडातच असा गाळ पाहतात, तेव्हा आपण काही अघोरी करत नाही.

ओतलेली वाइन आधी रंगाला बघा, ग्लास कागदावर तिरपा धरून. इथेच नवखा माणूस गुण कापतो, कारण रंग फिका असतो. पारंपरिक पद्धतीच्या जुन्या रिओहाचा मध्य मंद माणकासारखा आणि कडा विटकरी, नारिंगीकडे झुकलेली. स्पॅनिश लोक या रंगाला 'तेखा' म्हणतात. तेखा म्हणजे छपराचं कौल. कोकणात पावसाने धुतलेलं मंगलोरी कौल पाहिलेल्याला याहून जास्त समजावायला नको. मात्र मध्यभागही तपकिरी आणि निस्तेज असेल तर सावध व्हा.

मग नाक. पहिला वास ग्लास न हलवता घ्या आणि लगेच निकाल देऊ नका. बंद बाटलीचा कोंदटपणा पाच-दहा मिनिटांत उडतो. उडत नाही तो दोष. ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या गोणपाटाचा वास वाढतच गेला तर बूच लागलं आहे, म्हणजे बुचातला दोष वाइनमध्ये उतरला आहे, दुसरी बाटली काढा. नेलपॉलिश काढायच्या द्रवाची झाक थोडी असेल तर जुन्या रिओहात ती चालवून घेतात, डोळ्यांत पाणी आणणारी असेल तर नाही. कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास एकटाच येत असेल तर वाइन हवेने खाल्ली.

सगळं ठीक असेल तर आता मजा आहे, आणि तिच्यासाठी फ्रेंच फळांची नावं पाठ करायची गरज नाही. इथल्या जुन्या घराण्यांनी 225 लिटरची पिंपं वापरायची पद्धत फ्रान्समधल्या बोर्दोकडून घेतली, पण लाकूड बव्हंशी अमेरिकन ओकचं. त्या ओकमधून व्हॅनिला येतो, सुकं खोबरं येतं आणि चक्क शेपू येतो. शेपूची जुडी घरात आलेली आपल्याला दारातूनच कळते, या बाबतीत मराठी नाक आघाडीवर आहे. तेंप्रानियो द्राक्षाकडून सुकी चेरी, अंजीर, तंबाखूचं पान, जुनं चामडं. त्याच्या जोडीला गार्नाचा, ग्रासियानो आणि माथुएलो थोडीथोडी असतात. ग्रासियानोचं काम आंबटपणा आणि सुगंध टिकवणं, आणि एवढ्या वर्षांनी तेच कामाला येतं. पावसाळ्यातली ओली पानं, अळंबी हे बाटलीतल्या वर्षांचं. तेंप्रानियो आता नाशिक जिल्ह्यातही लावलेली आहे, पण तिथल्या ताज्या वाइनवरून या वासाची कल्पना येणार नाही.

घोट तोंडात घोळवताना तीन प्रश्न लिहून ठेवा. आंबटपणा अजून ताठ आहे का? तुरटपणा विरघळला की नुसता कोरडेपणा उरला? आणि मधोमध फळ आहे का? तिसरा माझ्या मते निर्णायक. काठ सुंदर आणि मध्य पोकळ, असं जुन्या वाइनचं फार होतं, आणि वयाच्या आदरापोटी कोणी बोलत नाही. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मनात सेकंद मोजा. दहाच्या आत चव विरली तर साल कितीही मोठं असो, गुण चढवू नका.

गुणांसाठी ओआयव्ही या द्राक्ष आणि वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा शंभरांचा तक्ता कागदावर आखून घ्या. दिसण्याला 15, वासाला 30, चवीला 44, एकूण मेळाला 11. आकडे पेन्सिलने टाका आणि कोणी मोठ्याने बोलायचं नाही हे आधीच बजावा, नाहीतर पहिल्या बोलणाऱ्याचा शेपू सगळ्यांना येतो. शक्य असेल तर त्याच भागातली दहाएक वर्षांची रेसेर्वा शेजारी ठेवा, दोन्ही बाटल्या कागदी पिशवीत. जुनी आधी, तरणी नंतर. उलट केलं तर तरण्या तुरटपणापुढे जुनीचा आवाज ऐकू येत नाही.

शिल्लक ठेवलेली दोन ओतणी चाळीस मिनिटांनी वाटून घ्या, एकेक चमचाभरच येईल, आणि पेन्सिलचे आकडे तेव्हा पेनने पक्के करा. माझ्या वहीत याच टप्प्यावर चार गुण वर गेलेल्या बाटल्या आहेत आणि नऊ गुण खाली आलेल्याही. पाठच्या निळ्या पट्टीचा फोटो काढा. ग्लास मात्र रात्री धुऊ नका. सकाळी चहाच्या आधी एकेक उचलून हुंगा, कोणत्यात अजून खोबरं आहे ते बघा, आणि वहीत त्या ओळीपुढे लिहा.