काळ्या चिकण मातीत बाग करताना या चुका टाळा

आषाढात अंगणात दोन पावले टाकली की चपलेला मातीचा जाड थर चढतो, आणि तीच माती वैशाखात अशी भेगाळते की भेगेत हाताचा पंजा सहज आत जातो. इंदुरात बाग करणाऱ्या प्रत्येकाची गाठ याच मातीशी पडते. माळव्याचे पठार बेसाल्ट खडकाचे आहे आणि तो झिजून ही काळी माती तयार झाली. तिच्यातील चिकण कण 0.002 मिलिमीटरहूनही बारीक असतात. त्यांतील मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगते आणि पाणी उडून गेले की आक्रसते. माती पावसात चिकटते आणि उन्हात फाटते, ती या एकाच कारणामुळे. ही माती वाईट मुळीच नाही. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर माळव्यात कठिया गहू आणि हरभरा पिकत आला, तो तिच्या याच धारणशक्तीच्या बळावर. मात्र तिला हात कधी लावायचा, हे तिच्या ओलीकडे पाहून ठरवावे लागते, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ओल्या मातीत कुदळ चालवणे. पाऊस थांबला, सुटी आहे, रोपे आणून ठेवली आहेत, म्हणून आपण वाफ्यात उतरतो. पण ओल्या चिकण मातीवर पाय पडला की कणांमधल्या हवेच्या पोकळ्या दाबल्या जातात आणि वाळल्यावर तिथे विटेसारखी ढेकळे उरतात. माती कसण्याजोगी ओलसर असते त्या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतात, त्याची वाट पाहावी. तो ओळखण्यासाठी वरची माती बाजूला सारून चार बोटे खोलीवरची मूठभर माती घ्यावी, तिचा लाडू वळावा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकावा. लाडू आपटून चपटा झाला तर अजून थांबावे. फुटून त्याचा चुरा झाला तर वाफसा आला असे समजावे. लाडू वळतच नसेल तर माती फार कोरडी झाली आहे, अशा वेळी हलके पाणी देऊन एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. उन्हाळ्यात निघालेली मोठी ढेकळे घणाने फोडत बसू नये. ऊन आणि पहिले एक-दोन पाऊस मिळाले की ती आपोआप विरघळून भुसभुशीत होतात.

दुसरा गैरसमज वाळूचा. चिकण मातीत वाळू मिसळली की ती मोकळी होते, असे अनेकांना वाटते. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि 30 सेंटीमीटर खोल वाफ्यातील माती साधारण एक टनाच्या वर भरते. तिच्यात निम्मे चिकण कण असतील, तर ते प्रमाण पाव हिश्श्यावर आणण्यासाठी जवळजवळ तितकीच, म्हणजे टनभर वाळू लागेल, आणि ती सुद्धा एका वाफ्याला. दहा-बारा घमेली वाळूने मिश्रण उलट अधिक कठीण होऊ शकते. तेवढीच घमेली चांगल्या कुजलेल्या शेणखताची किंवा कंपोस्टची टाकली, तर त्याच वाफ्यावर पाच सेंटीमीटरचा थर बसतो. असा थर दरवर्षी दिल्यास दोन-तीन वर्षांत मातीचा पोत हाताला वेगळा जाणवू लागतो. जिप्सम हे खनिज मात्र फक्त सोडियम वाढून चोपण झालेल्या जमिनीत उपयोगी पडते, म्हणून माती तपासून घेतल्याशिवाय ते टाकू नये.

तिसऱ्या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे. राजेंद्रनगरातल्या अंगणात ऐन जुलैत मी लिंबाच्या कलमासाठी अरुंद, खोल खड्डा घेतला आणि त्यात निव्वळ खत व कोकोपीट भरले. गणपतीपर्यंत पाने पिवळी पडली. कलम उपटले तेव्हा खड्ड्याच्या तळाशी पाणी साचलेले होते, मुळे काळी पडली होती आणि मातीला आंबट, कुजका वास येत होता. ओल्या मातीत पहार चालवल्यामुळे खड्ड्याच्या भिंती मडक्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि आतली पोकळ भरती भोवतीचे पाणी ओढून घेत होती. थोडक्यात, मी झाडासाठी हौद बांधला होता. याच इंदुरात 1924 मध्ये वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली आणि तिथे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. त्या पद्धतीतही खड्डे उथळच असत आणि पावसाळ्यात खत जमिनीवर ढीग रचून केले जाई, कारण या मातीत खड्ड्यात पाणी साठते.

म्हणून लागवडीपूर्वी 30 सेंटीमीटर खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर त्या जागी भोवतालच्या जमिनीपेक्षा 20 ते 30 सेंटीमीटर उंच गादीवाफा करावा. झाडाचा खड्डा खोल न घेता रुंद घ्यावा, त्याच्या भिंती खुरप्याने खरवडून खडबडीत कराव्यात आणि भरतीसाठी त्याच जागेची माती पाव हिस्सा कंपोस्ट मिसळून वापरावी.

पाणी देतानाही वरवरच्या दर्शनावर जाऊ नये. वरची माती तडकलेली असते तेव्हा खाली वीतभर खोलीवर ओल असू शकते, त्यामुळे आधी लोखंडी सळई खुपसून पाहावी. भेगा रुंदावल्या असतील तर त्यांत नळी सोडू नये, कारण पाणी थेट खाली निघून जाते आणि मुळांभोवतीची माती कोरडीच राहते. आधी कोळपून भेगा बुजवाव्यात, मग सावकाश पाणी द्यावे आणि वर पालापाचोळ्याचे पाच-सात सेंटीमीटर आच्छादन घालावे.

शेवटची चूक खतांची. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या की पुष्कळ जण युरिया टाकतात. हे लक्षण बहुधा लोहाच्या कमतरतेचे असते. लोह मातीत असते. पण काळ्या मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) बहुतेक वेळा 7.5 ते 8.5 असतो आणि चुनखडी असेल तर ते मुळांना घेता येत नाही. चुलीची राख टाकल्यास सामू आणखी वाढतो. युरियातून मिळणारे नत्र (नायट्रोजन) कमी पडले तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो, हा फरक लक्षात ठेवावा. आधी साचलेले पाणी काढून द्यावे. त्यानंतर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी एकाच फांदीवर फवारावे. आठ-दहा दिवसांत ती फांदी इतरांपेक्षा हिरवी दिसू लागली तर निदान बरोबर आहे, आणि मग सगळ्या झाडावर फवारणी करावी.