सुरतला चाललात? मग या चुका टाळा

आपल्या खान्देशात घरटी कोणीतरी सुरतच्या उधना नाहीतर लिंबायत भागात असतंच, त्यामुळे सुरतला जायचं म्हणजे मामाकडे राहायचं, साड्या घ्यायच्या, घारी (तिथली प्रसिद्ध मिठाई) बांधून घ्यायची आणि परत भुसावळ लाईनची गाडी पकडायची. मी पण कितीतरी खेपा असंच केलं, आणि खरं सांगतो, शहर बघायचं राहूनच गेलं.

पहिलं म्हणजे बस्त्यासाठी रविवार धरू नका. रिंगरोडची बहुतेक कापड मार्केटं बंद असतात, आम्ही सात-आठ जण बहिणीच्या लग्नाच्या वेळी असेच हात हलवत परत आलो. आणि होलसेलवाल्याकडे एक-दोन साड्या मागू नका, तो सेटच देतो.

सगळ्यात मोठी चूक चौक बाजारातल्या सुरतच्या किल्ल्यात होते. लोक तिथे उभं राहून पोरांना सांगतात, "महाराजांनी हा किल्ला जिंकला." नाही भो, तसं नाहीये. जानेवारी 1664 मध्ये महाराजांनी सुरत शहर लुटलं, मुघलांचा शहरातला अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि तो किल्ला काही घेतला गेला नाही, इंग्रजांनीही आपली वखार लढवून वाचवली. महाराज परत आले ऑक्टोबर 1670 ला, आणि त्या वेळी परतताना आपल्या बाजूच्या वणी-दिंडोरीला मुघलांशी मोठी लढाई झाली. पोरांना हे सांगा, जास्त भारी वाटतं त्यांना. तिथून मुघलसराई जवळच आहे, हज यात्रेकरूंसाठी बांधलेली, आता तिच्यात महापालिका बसते. आणि 1907 ला काँग्रेसमध्ये जहाल-मवाळ फूट पडली ती याच शहरात, टिळक स्वतः हजर होते.

दुसरी गडबड समुद्राची. शहर तापीकाठी आहे, समुद्र डुमसला, पंधरा-वीस किलोमीटर लांब. वाळू काळी, ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि मागे चिखल राहतो, तेव्हा लहान पोरांना घेऊन पाण्यामागे जाऊ नका. भरतीची वेळ आधी बघून घ्या.

हिवाळ्यात गेलात तर पोंक खा, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, पण ते सोबत शेव देतात.

आणि काही गाड्या उधन्यालाच संपतात किंवा तिथूनच सुटतात, तिकिटावरचं स्टेशन नीट वाचा नाहीतर सुरत स्टेशनवर उभे राहाल आणि गाडी निघून जाईल.