सुरू होतानाच रीस्टार्ट होणारा कॉम्प्युटर: आधी एरर वाचा

विंडोजचा लोगो येतो, निळी (नव्या विंडोज 11 मध्ये काळी) स्क्रीन क्षणभर चमकते आणि कॉम्प्युटर पुन्हा रीस्टार्ट. त्या स्क्रीनवरच बिघाडाचं नाव असतं, पण वाचायला वेळच मिळत नाही. विंडोज 10 किंवा 11 असेल तर ती थांबवता येते.

1. कीबोर्ड-माऊस सोडून पेनड्राइव्ह, प्रिंटर वगैरे सगळं काढा. कधीकधी एवढ्यानंच काम होतं.

2. लोगो दिसताच पॉवर बटण 10 सेकंद दाबून मशीन बंद करा. असं लागोपाठ दोनदा केलं की पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा मेनू येतो.

3. त्यात क्रमानं निवडा: ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. यादी आली की 9 दाबा.

आता एरर आली की स्क्रीन तशीच राहील. खालच्या स्टॉप कोडचा (बिघाडाच्या नावाचा) मोबाइलवर फोटो काढा. एखाद्या फाइलचं नाव दिसत असेल तर तेही घ्या, बऱ्याचदा दोषी ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) तोच असतो. मग मशीन बंद करून पायरी 2 आणि 3 पुन्हा करा, यादीत या वेळी 4 दाबून सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जा आणि तो ड्रायव्हर किंवा नुकतंच टाकलेलं सॉफ्टवेअर काढा.

स्क्रीनवर अपडेट चालू असल्याचं दिसत असेल तर मात्र पॉवर बटणाला हात लावू नका. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा.