बाथरूम नव्याने करताना: आधी पाणी, मग लादी

बाथरूम नवीन करायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली फेरी टाइल्सच्या शोरूमला होते. माझं मत उलट आहे. टाइल सगळ्यात शेवटी निवडा. पाणी कुठून येतं, किती जोराने येतं आणि कुठे जातं हे आधी समजून घ्या. टाइल नावडती निघाली तर रोज फक्त डोळ्यांना खटकते. ढाळ किंवा वॉटरप्रूफिंग चुकलं, तर खालच्या मजल्यावरचे काका दर पावसाळ्यात जिन्यात गाठतात.

पुढचं सगळं सोसायटीतल्या फ्लॅटसाठी आहे. चार बाय सात किंवा पाच बाय सात फुटांचं बाथरूम, आत कमोड, वर गिझर आणि खाली कुणाचं तरी घर.

मोजमाप आणि परवानगी

कागदावर बाथरूमचा नकाशा काढा. त्यात दार कुठल्या बाजूला उघडतं, खिडकी, डक्टची (उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेची) भिंत, नहाणी ट्रॅपची (जमिनीतलं पाणी जिथून ड्रेनेजला जातं त्या तोंडाची) जाळी, कमोडचा पाइप आणि बीम कुठे आहे हे सगळं दाखवा. हा कागद हातात असला की प्लंबरशी बोलणं निम्म्याने सोपं होतं.

सोसायटीला पत्र द्या. बहुतेक ठिकाणी कामाच्या वेळा ठरलेल्या असतात, डिपॉझिट मागतात आणि राडारोडा कुठे टाकायचा तेही सांगतात. बीम-कॉलमला हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. बाथरूम सरकवून बेडरूमच्या जागेत न्यायचं मनात असेल तर तो विचार सोडा. बऱ्याच इमारतींत बाथरूमखालचा स्लॅब बाकी घरापेक्षा 9 ते 12 इंच खाली घेतलेला असतो आणि ट्रॅप व आडवे पाइप त्या खोलगट भागात बसतात. बेडरूमखाली तशी जागा नसते. शिवाय खाली कुणाचं तरी स्वयंपाकघर किंवा देवघर येतं.

पाण्याचा जोर बघायची सोपी युक्ती आहे. 20 लिटरची बादली नळाखाली ठेवून नळ पूर्ण सोडा. भरायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, तर छतातून कोसळणारा मोठा रेन शॉवर घेऊ नका. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दर मीटर उंचीमागे साधारण 0.1 बार दाब देते. त्यामुळे वरच्या मजल्यांवर अशा शॉवरखाली अंग नीट भिजतही नाही. साधा हातशॉवर घ्या किंवा प्रेशर पंपाचा खर्च धरा.

वापरणारी माणसं कोण

घरात बादली-तांब्याने आंघोळ करणारं कुणी आहे का? असेल तर खालचा नळ बादलीच्या काठापेक्षा बराच वर हवा आणि बसायला स्टूल मावेल एवढी मोकळी जागा हवी. काचेचं पार्टिशन टाकून ही जागा अर्धी करू नका. कपडे हाताने धुतले जातात का? मग एक ठोकळा किंवा कट्टा आणि साबण ठेवायला कोनाडा आत्ताच ठरवा. आई-वडील सोबत राहत असतील तर कमोडशेजारी आणि शॉवरखाली हँडल लावा, साधारण 33 ते 36 इंचांवर. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर हँडलच्या जागी आतून भरणी करून घ्यावी लागते, नाहीतर माणसाने भार टाकला की स्क्रू उपटून येतात. दार बाहेर उघडणारं ठेवा. आत कुणी पडलं, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

सामान आधी, फोडकाम नंतर

कमोड, डायव्हर्टर (गरम-गार पाणी मिसळून नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा भिंतीतला नळ), बेसिन आणि गिझर ही चार वस्तू घरात येईपर्यंत हातोडा चालवू देऊ नका. निदान मॉडेल पक्कं करून मापांचं पत्रक तरी मिस्त्रीच्या हातात द्या. कमोडचंच बघा. आउटलेट भिंतीतून जाणार की जमिनीतून, हे तुमच्या पाइपवर ठरतं. जमिनीतून असेल तर पाइपच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. 9 आणि 12 इंच ही दोन मापं नेहमी चालतात. हे अंतर तयार भिंतीपासून धरायचं असतं, उघड्या विटेपासून नाही. प्लास्टर, चिकटवणं आणि टाइल मिळून एक-दीड इंच जातो. तो विसरला की तयार भिंत तेवढी पुढे येते आणि कमोड पाइपवर बसतच नाही. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत 15 इंच तरी असू द्या.

भिंतीतला लपवलेला फ्लश टँक छान दिसतो. पण दुरुस्तीसाठी त्याचा वॉशर बटणाच्या झडपेतूनच बाहेर काढावा लागतो. त्या कंपनीचे सुटे भाग आपल्या गावात मिळतात का, हे विचारून मगच घ्या.

फोडल्यावर खरं काम

जुनी लादी आणि खालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा पूर्ण काढा. "जुन्यावरच नवीन टाइल बसवू, साहेब, दोन दिवसांत होईल" असं सांगणारा भेटतोच. गळती नसेल आणि फक्त रूप बदलायचं असेल तर ते चालेल, पण मग जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते. दाराशी उंबरा उरतो का ते बघा.

पाणीपुरवठ्याचे जुने लोखंडी पाइप आतून गंजलेले निघाले तर सगळे बदला. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी (उष्णता सोसणारं प्लास्टिक) पाइप वापरा. पाइप बसले की हातपंपाने प्रेशर टेस्ट करायला लावा. रात्रभरात काटा खाली यायला नको. टेस्ट होईपर्यंत खाचा बुजवू देऊ नका. याच वेळी भिंतीला टेप लावून प्रत्येक बाजूचे फोटो काढा. दोन वर्षांनी आरसा लावताना ड्रिल कुठे मारायचं नाही, हे या फोटोंवरून कळतं.

नहाणी ट्रॅप खोल घ्या. त्यात निदान 50 मिमी पाणी साठून राहिलं पाहिजे. तेच पाणी ड्रेनेजचा वास अडवतं. उथळ ट्रॅप असेल तर आठवडाभर गावाला जाऊन आल्यावर दार उघडताच कळतं.

मग वॉटरप्रूफिंग. कोपरे काटकोनात न ठेवता सिमेंटने गोलसर करायचे, पाइपाभोवतीच्या फटी भरायच्या आणि मग पॉलिमर-सिमेंटच्या लेपाचे दोन हात द्यायचे, दुसरा हात पहिल्याच्या आडवा. जमिनीबरोबर भिंतीवरही किमान एक फूट आणि शॉवरच्या बाजूला डोक्यापर्यंत.

आता तळं करून बघायचं. वाळू भरलेली कापडी पिशवी ट्रॅपच्या तोंडात घट्ट बसवा, दाराशी विटांचा छोटा बांध घाला आणि तीन-चार इंच पाणी भरा. पाण्याच्या रेघेवर भिंतीला पेन्सिलने खूण करा, तारीख-वेळ लिहा. 48 तास थांबा, 72 थांबलात तर उत्तम. थोडं पाणी उन्हाळ्यात वाफ होऊन कमी होतं. म्हणून खरा निकाल खालच्या घरात मिळतो. परवानगी घेऊन त्यांच्या छताला हात लावून बघा, फोटो काढा. कोबा भरून ढाळ दिल्यावर हीच चाचणी पुन्हा करा. मिस्त्री कुरकुर करेल, कारण त्याचे दोन-तीन दिवस मोकळे जातात. करू दे.

वीज

गिझरला स्वतंत्र 16 अँपिअरचा पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) असायलाच हवा. स्विच बाथरूमबाहेर ठेवा. गॅस गिझर बाथरूमच्या आत कधीही बसवू नका. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस आत बेशुद्ध पडतो. एक्झॉस्ट फॅनची जागाही आताच सोडा.

आता टाइल

जमिनीला मॅट, घसरणार नाही अशी, 12 बाय 12 इंच किंवा त्याहून लहान. मोठ्या टाइलला जाळीकडे ढाळ देता येत नाही, तिरक्या कापाव्या लागतात. सात फुटांच्या बाथरूमला दारापासून जाळीपर्यंत सुमारे एक इंच ढाळ पुरतो. बसवून झालं की दाराशी बादलीभर पाणी ओता आणि कुठे थबकतं ते बघा. थबकलेली टाइल त्याच दिवशी उचलायला सांगा, सिमेंट ओलं असताना.

भिंतींना हवी ती चकाकी चालेल. मात्र बोअरचं पाणी असेल तर गडद टाइलवर आणि काळ्या नळांवर क्षारांचे पांढरे डाग आठवड्याला पुसावे लागतील. जमिनीच्या सांध्यांत एपॉक्सी ग्राउट (फटी भरायचं रेझिनचं मिश्रण) भरा. महाग असतं, पण काळं पडत नाही. मापापेक्षा 10 टक्के टाइल जास्त घ्या आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते दुकानातच तपासा. छटा बदलते.

दिवस आणि पैसे

एका बाथरूमला तीन आठवडे धरा. दिवाळीच्या आधी संपवायचं असेल तर गणपती होताच सुरू करा. दिवाळी-छठला बरेच कारागीर गावी जातात आणि लवकर परतत नाहीत. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: फोडकाम, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंगची चाचणी, टाइल, फिटिंग. शेवटचा हप्ता नळ बसवून महिनाभर वापरल्यावरच द्यायचा, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. उरलेल्या टाइल्सपैकी चार-पाच माळ्यावर ठेवा, खोक्याच्या झाकणासकट, म्हणजे नंबर शोधत बसावं लागत नाही.