भिंतीची ओल शोधायची तर आधी पेन्सिल घ्या

चिपळूणच्या आमच्या घरात झोपायच्या खोलीच्या एका भिंतीला लागोपाठ दोन वर्षं दिवाळीआधी रंग काढला आणि दोन्ही वेळा मार्चपर्यंत पोपडे सुटले. रंगारी म्हणाला, "पावसाची ओल आहे, वहिनी." पण दिवाळीनंतर पाऊस नसताना डाग वाढतो कसा? तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. डाग दिसतो कसा यापेक्षा तो वाढतो कधी, ते बघायचं.

डागाच्या कडेकडेने पेन्सिलीची रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा. दोन आठवडे रोज बघा आणि त्या दिवशी घरात काय झालं तेही वहीत टिपा: पाऊस, कपड्यांचं धुणं, पाहुणे. आम्ही चार दिवस लग्नाला गुहागरला गेलो होतो. परत आले तर डाग रेघेपासून चांगला चार बोटं आत सुकलेला. टाकीचा व्हॉल्व्ह मात्र उघडाच राहिला होता, म्हणजे पाइपात पाणी भरलेलं होतं. पाइप गळत असता तर डाग सुकला नसता. उरली भिंतीपलीकडची नहाणी.

नहाणीची परीक्षा सोपी आहे. प्लास्टिकच्या पिशवीत फडकं कोंबून ट्रॅपचं, म्हणजे सांडपाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड घट्ट बंद करा, इंचभर पाणी साठवा, पातळीची खूण करा आणि 24 तास कोणी आत जायचं नाही. मी पाण्यात नीळ घातली होती, पण निळा रंग भिंतीवर उमटेलच असं नाही, गिलावा तो गाळून घेतो. पातळीवरच भरवसा ठेवा. आमचं पाणी सकाळी बोटभर उतरलं होतं आणि डागाची खालची कड हाताला गार लागत होती. लाद्यांच्या सांध्यांतलं सिमेंट ट्रॅपभोवती पार निघून गेलं होतं. तुमच्याकडे पातळी हलली नाही, पण ट्रॅप उघडून बादल्या ओतल्यावर डाग वाढला, तर दोष ट्रॅपच्या किंवा खालच्या पाइपाच्या जोडात.

नहाणी बंद ठेवूनही डाग तसाच राहिला तर भिंतीतल्या पाइपावर संशय घ्या. नगरपालिकेचा मीटर टाकीच्या आधी असतो, त्यामुळे टाकीनंतरची गळती त्यात दिसत नाही. रात्री सगळे नळ आणि टाकीत येणारं पाणी बंद करून टाकीत खूण करा, सकाळी बघा.

जून ते ऑगस्टच वाढणारा डाग पावसाचा. कोकणात पश्चिम आणि दक्षिण भिंती आधी बघा, त्यातही खिडकीचे खालचे कोपरे आणि छज्जा भिंतीला मिळतो तो सांधा. खात्री उन्हाळ्यात करता येते: बाहेरून नळीने पाणी मारा, एकाने आत उभं राहा. सुरुवात खालून करून अर्ध्या अर्ध्या तासाने वर सरका. वरून सुरू केलंत तर पाणी सगळ्याच भेगांवरून ओघळतं आणि दोषी कोणती ते कळत नाही.

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत आडवी पट्टी आणि तिच्यावर पांढरी पूड म्हणजे लोणा. ही ओल जोत्यातून वर चढते, चिऱ्याच्या जुन्या घरांत फार. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर आमच्या पुढच्या खोलीची भिंत कित्येक महिने ओली होती. लोणा लागलेला गिलावा पावसाळी हवेतला दमटपणासुद्धा ओढतो, म्हणून तो खरवडून काढल्याशिवाय वरचा कुठलाही रंग टिकत नाही.

कपाटामागे काळी बुरशी असेल तर फूटभर अ‍ॅल्युमिनिअम फॉईल भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्की लावा. दोन दिवसांनी थेंब खोलीकडच्या बाजूला असले तर ओल हवेतली: कपाट चार बोटं पुढे ओढा, खिडकी उघडा. भिंतीकडच्या बाजूला असले तर पाणी भिंतीतच आहे.

आणि डाग स्विचबोर्डाजवळ असेल तर यातलं काहीही करण्याआधी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. ओल्या बोर्डाला हात लावू नका.

आमच्याकडे ट्रॅप नव्याने बसवला, सांधे भरले, फुगलेला गिलावा काढला आणि एप्रिल-मे भिंत उघडीच ठेवली. पावसाळ्यात परत पेन्सिल चालवली. रंग दिवाळीला काढला.